नत्थुजी बोंड्याची पानथरी

अमेरिकेत यादवी माजली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या पांढऱ्या बोंडाला एकाएकी मोल चढलं, त्या सालांतली ही गोष्ट. अकोल्याहून पातूरकडे जाताना वाटेवर धामणखेड नावाचं गाव होतं. हाती आलेल्या पैशाचं काय करू नि काय नको, असं तिथल्या लोकांना झालं होतं. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. कुणी जरीचं पागोटं बांधून वखर हाकू लागला. शेषराव पाटलानं मुंबईहून खिशातलं घड्याळ मागवलं. ते बंद पडल्यावर किल्ली कुठं द्यायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा तो ते तसंच कानाला लावून लोकांना वेळ सांगे.

नत्थुजी बोंडे याच गावचा. काळी जमीन त्याचीही होती, कापूस त्याचाही चांगला यायचा, पण मिरवण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. होता तो ताप. एकाआड एक दिवस दुपारी त्याला हिव भरून येई. दात वाजू लागत. त्याची बायको मनकर्णाबाई घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोधड्या अंगावर टाकून वर स्वतः बसे. मग अंग भट्टीसारखं तापे, मग घामाच्या धारा लागत, आणि सांज झाली की नत्थुजी उठून भाकर मागे. दोन-तीन पावसाळे हेच चाललं होतं. हातपाय वाळून काड्या झाले होते आणि पोट मात्र डावीकडून असं वर आलं होतं, की पाणवठ्यावरच्या बाया मनकर्णेला विचारत, "काव बाई, तुया मालकाले कितवा महिना?"

अमरावतीचे दलाल हात सैल सोडतात असं ऐकून त्या वर्षी नत्थुजीनं गाडी अकोल्याला न नेता अमरावतीला नेली. पण तापाला अकोला काय आणि अमरावती काय. ऐन बाजारात, दलालानं रुमालाखाली हात धरून भाव ठरवायला घेतला आणि नत्थुजीचा हात थडथडा उडू लागला. दलालाला वाटलं, हा गडी भाव वाढवून मागतो आहे. तो वाढवत गेला. शेवटी नत्थुजी डोळे पांढरे करून कापसाच्या ढिगात पडला, तेव्हा खरा प्रकार कळला आणि लोकांनी त्याला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात मोरोपंत नावाचे नेटिव डॉक्टर होते. मुंबईला शिकलेले, मूळचे पुण्याकडचे, स्वभावानं सरळ आणि कामाला वाघ. त्यांनी नत्थुजीची जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नाडी पाहिली. मग दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊन केले आणि एक हात त्याच्या बेंबीखाली ठेवून हळूहळू वर नेला.

"श्वास घ्या," ते म्हणाले. "आत. आता सोडा. परत घ्या."

त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. डाव्या बरगडीखाली असते ती पानथरी. हिवतापानं ती सुजते, कडक होते. निरोगी माणसाची हाताला लागतच नाही. नत्थुजीची बरगडी सोडून थेट बेंबीपर्यंत उतरली होती, तिची कड चाकूच्या पाठीसारखी स्पष्ट होती आणि श्वासासरशी ती खाली येऊन बोटाला टेकून परत जात होती.

"हलू नका," मोरोपंत म्हणाले. "साहेबांना बोलावतो."

नत्थुजीनं दोन्ही हातांनी पोट झाकलं. "मले कापान का, डाक्तरसायेब?"

"छे हो. दाखवायचं आहे फक्त."

साहेब म्हणजे जिल्ह्याचे गोरे सर्जन. त्यांच्या डोक्याला त्या दिवसांत एक वेगळाच ताप होता. कोणत्या गावात कोणता रोग आहे, हे महिन्याच्या महिन्याला वर कळवायचं होतं, आणि गावोगावच्या पाटील-पांड्यांकडून जे कागद येत त्यांत सगळ्या मरणांना एकच कारण असे. ताप. पटकीनं गेला त्याला ताप, देवीनं गेली तिला ताप. एका गावानं लिहिलं होतं, "इसम विहिरीत पडला, तेणेकरून ताप येऊन वारला." यातून हिवतापाचा मुलूख कोणता हे शोधायचं कसं? साहेबांनी उपाय काढला होता. गावात जाऊन पोरांची पोटं चाचपायची. जिथं पुष्कळ पोरांची पानथरी हाताला लागते, तिथं हिवताप मुरलेला आहे, मग कागद काहीही म्हणो. पण वऱ्हाडभर हिंडून पोटं चाचपणार कोण? देवी टोचणारे होते, शाळांचे पंतोजी होते, तहशिलीतले कारकून होते. त्यांना शिकवायचं, तर शिकवायला एक चांगलं पोट हवं होतं.

साहेबांनी हात लावून पाहिलं आणि ते "ब्यूटिफुल" असं म्हणाले. नत्थुजीनं मोरोपंतांना अर्थ विचारला.

"सुंदर आहे म्हणतात."

नत्थुजी पडल्या पडल्या विचारात पडला. जन्मात त्याला कुणी, कुठल्याही अवयवाबद्दल, असं म्हटलं नव्हतं. बैलांना चारा, त्याला दोन वेळचं जेवण आणि दवाखान्याच्या ओसरीवर झोपायला जागा, एवढ्यावर तो राहायला कबूल झाला. मोरोपंतांनी त्याला कोयनेलच्या पुड्याही दिल्या. "ताप उतरला की एकेक घ्यायची. कडू आहे, पण यानं ताप जाईल आणि ही पानथरीही ओसरेल."

"वसरन म्हंजे?" नत्थुजीनं विचारलं.

"नाहीशी होईल."

नत्थुजीनं पुड्या कपाळाला लावल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात घालून वरून शिवून टाकल्या.

वर्ग भरू लागला. एका खोलीत मोठं लाकडी मेज, त्यावर उघड्या पोटाचा नत्थुजी, आणि भोवती पगड्या नि रुमाल घातलेले विद्यार्थी. पहिल्या दिवशी नत्थुजी लाजून तोंड झाकून पडला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो बोलू लागला.

"हात गरम करून आना. हा काय बर्फ घेऊन आले."

"बोटं टोचू नका राजेहो, सपाट हात ठेवा. म्या काय कनकीचा गोळा हाव काय?"

"खालतून वरते या. बरगडीपासी सुरुवात कराल तं पानथरीच्या छातीवरच हात ठेवान, मंग कड कशी गावन?"

हे सगळं मोरोपंतांचंच शिकवणं होतं, पण नत्थुजीच्या तोंडून ते विद्यार्थ्यांच्या डोक्यात लवकर शिरे. घोडं अडलं ते डाव्या-उजव्यापाशी. मोरोपंत म्हणत, "डावी बाजू." समोरचा विद्यार्थी विचारी, "माझी की त्याची?" मोरोपंत म्हणत, "रोग्याची." पलीकडचा म्हणे, "म्हणजे माझी उजवी, पण मी तर इकडे उभा आहे." यात एक अख्खी सकाळ गेली. शेवटी नत्थुजी वैतागून उठून बसला.

"काहून डोकं फोडून राहिले? खिडकीकडून हात घाला ना बाप्पा. खिडकीकडची बाजू. झालं."

खरंच झालं. खिडकी नत्थुजीच्या डाव्या हाताला होती. पटापट सगळ्यांचे हात बरोबर पडू लागले. मोरोपंतही त्या दिवशी दमले होते. त्यांनी मान डोलावली. विद्यार्थ्यांनी आपापल्या वहीत लिहून घेतलं आणि शिकून सवरून ते गावोगावी पांगले. जाताना काही जण त्याला "मास्तर" म्हणाले. नत्थुजी तो शब्द घेऊन धामणखेडला परतला आणि पाटलाच्या घड्याळासमोर त्यानं तो पहिल्यांदाच काढून दाखवला.

पुढचा वर्ग अकोल्याला ठरला. मोरोपंत नत्थुजीला घेऊन गेले खरे, पण दुसऱ्याच दिवशी परतवाड्याकडून पटकीची खबर आली आणि त्यांना तिकडे धावावं लागलं. जाताना ते म्हणाले, "नत्थुजी, मी येईपर्यंत सराव चालू ठेवा. तुम्हाला सगळं येतंच आहे."

हे वाक्य पुढं मोरोपंतांना बरंच महागात पडलं.

अकोल्याच्या खोलीतलं मेज असं टाकलं होतं की डोकं उत्तरेला येई. नत्थुजीनं मेजाकडे एकदा पाहिलं आणि मागं सरला. "उत्तरेले डोकं करून मढं निजते. म्या नाई निजत." मेज इतकं जड की हलेना. मग तोच उलटा फिरून निजला, आणि खिडकी त्याच्या उजव्या हाताला गेली. आडनावाचा बोंडे असला तरी अकलेनं काही तो अगदीच पोकळ नव्हता. पानथरी कुठं आहे हे त्याला आतून कळत होतंच. त्यानं मान वळवून पाहिलं. पानथरीच्या बाजूला दार होतं.

"अथीसा दाराकडून हात घाला," तो म्हणाला.

अकोल्याच्या शाळेचे पंतोजी महादेवराव मोठे टापटिपीचे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "अमरावतीस खिडकीकडून असे म्हणतात?"

"ते अमरावती आहे," नत्थुजी म्हणाला. "हे अकोला."

महादेवरावांना हे पूर्ण पटलं. अमरावतीचं अकोल्याला लागू पडत नाही, हे मत त्यांचं आधीपासूनच होतं.

पावसाळा संपला आणि दोन्हीकडून कागद येऊ लागले. मोरोपंत ते वाचून साहेबांना सांगत. अमरावतीकडच्या खेड्यांतून आलं, "मौजे मजकुरी एकाही घरास खिडकी नाही. सबब पानथरी नाही." दुसऱ्या गावाहून आलं, "पाटलाच्या वाड्यास खिडकी आहे. तेथे एक पानथरी मिळाली." एका देवी टोचणाऱ्यानं कळवलं, "मुलाच्या दोन्ही बाजूंस खिडक्या. पानथरी एकच सापडली. दुसरीचा शोध चालू आहे." अकोल्याकडची तऱ्हा निराळी होती. तिथं घरोघरी दार होतंच, त्यामुळे पानथरी काही पोरांना होती, काही पोरांना नव्हती, आणि महादेवरावांनी प्रत्येक घराच्या दाराची दिशा सुवाच्य अक्षरात लिहिली होती.

साहेब दोन दिवस कागदांवर डोकं धरून बसले. त्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांचंही मत होतं की दलदलीची कुबट हवा पोटात जाऊन हिवताप होतो. रेल्वेच्या भरावासाठी जागोजागी खड्डे खणले होते आणि त्यांत पाणी कुजत होतं. हवा तिथून निघणार. मग घरात शिरणार कुठून? तिसऱ्या दिवशी साहेबांनी मोरोपंतांना हाक मारली. त्यांचे डोळे चमकत होते.

"पंत, खिडकी," ते म्हणाले. "सब खिडकी से आता है."

त्यांनी वर पाठवायचा मसुदाही तयार केला होता. वऱ्हाडातल्या सगळ्या खिडक्या विटा लावून बुजवाव्यात. अकोला भागात दारांचं काय करावं, तेवढं एक त्यांना सुचत नव्हतं.

मोरोपंतांना अमरावतीच्या वर्गातली ती खिडकी आठवली. त्यांनी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि तट्टावर बसून थेट धामणखेड गाठलं.

धामणखेडच्या चावडीत त्या वेळी महादेवरावच पोरांची पोटं तपासत होते. नत्थुजी पागोटं घालून शेजारी तक्क्याला टेकला होता, आणि सगळा गाव पाहायला जमला होता. महादेवरावांनी एका चिमुरडीला घोंगडीवर निजवलं. उठून दारापर्यंत गेले, दार तिथंच असल्याची खात्री करून घेतली, परत आले आणि पोरीच्या उजव्या कुशीत हात घातला. पोरीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळायला लागली.

"हात सपाट," नत्थुजी डोळे मिटून म्हणाला. "गरम केले होते ना?"

"केले होते," महादेवराव म्हणाले. "पानथरी नाही."

मोरोपंत उंबऱ्यातच थबकले होते. ते आत आले, पोरीजवळ बसले, तळवे घासून त्यांनी तिच्या डाव्या बाजूला हात ठेवला. पोरीनं श्वास घेतला. पानथरी येऊन बोटाला लागली.

"महादेवराव, तुम्ही त्या बाजूला का पाहिलंत?"

"दार तिकडे आहे."

"दाराचा काय संबंध?"

"नियम आहे," महादेवराव म्हणाले आणि नत्थुजीकडे पाहू लागले. सगळा गावच नत्थुजीकडे पाहू लागला.

नत्थुजीनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. खिडकी, मेज, उत्तर दिशा, सगळं त्यानं सांगितलं. सांगता सांगता त्यालाच ते कळत गेलं, आणि आवाज बारीक होत गेला. शेवटी तो म्हणाला, "म्या तं माह्यापुरतं सांगतलं होतं, पंत. लोकं ते घरोघरी घेऊन गेले."

मोरोपंतांना आधी राग आला. मग त्यांना तो विद्यार्थी आठवला, दुसऱ्या पानथरीचा शोध घेणारा, आणि ते चावडीतच खांबाला धरून इतके हसले की पाटलानं घड्याळ काढून पाहिलं.

दुपारी ते नत्थुजीच्या अंगणात बसले. सोवळ्यामुळे त्यांनी दूध आणि केळी घेतली. नत्थुजीपुढं भाकर आणि तुरीच्या दाण्यांची आमटी होती, पण त्याचं लक्ष जेवणात नव्हतं. उजव्या हातानं तो भाकर मोडत होता आणि डावा हात, नेहमीच्या सवयीनं, पानथरीवर ठेवलेला होता. मोरोपंत त्या हाताकडे बघत राहिले.

"नत्थुजी, तुम्ही जेवता कोणत्या हातानं?"

"हा काय सवाल झाला? याच."

"आणि ज्या हातानं जेवत नाही, त्या बाजूला पानथरी. माणूस कसाही निजो, दार असो नसो. रोग्यालाच विचारायचं, बाळ, जेवतोस कशानं? मग दुसरीकडे हात घालायचा."

नत्थुजीनं दोन्ही हातांकडे आळीपाळीनं पाहिलं. "असं पयलेच सांगाले काय झालं होतं तुमाले?"

मोरोपंतांनी केळं सोलायला घेतलं. नत्थुजी हात धुवायला गेला, तेव्हा दाराआडून मनकर्णाबाई पुढं आली. पदर सावरून म्हणाली, "डाक्तरसायेब, माह्या मालकाचा ताप काहून जाऊन नाई राहिला? वेचनीच्या दिवसांत म्या कापूस वेचू का याच्यावर बसू?"

"औषध दिलं होतं ना. पुड्या संपल्या का?"

"कोनत्या पुड्या?"

मनकर्णाबाईला खुंटीवरच्या बंडीचा शिवलेला खिसा आठवला आणि बंडी उसवण्यात आली. पुड्या जशाच्या तशा होत्या. मोरोपंतांनी त्या हातात घेतल्या. वऱ्हाडात अशी दुसरी पानथरी नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि अमरावतीचा नवा वर्ग उन्हाळ्यात भरायचा होता. विहिरीवर नत्थुजी चूळ भरत होता, त्याच्या पाठीची हाडं उन्हात मोजता येत होती. पंतांनी पुड्या मनकर्णाबाईपुढं ठेवल्या.

"ताप उतरल्यावर द्यायची, रोज एक. पण फार कडू लागेल. ते घेणार नाहीत."

"कारलं घेतेत," मनकर्णाबाई म्हणाली.

त्या हिवाळ्यात बोंड्यांच्या घरी रोज कारलं शिजलं. नत्थुजी म्हणे, "यंदाचं कारलं लयच जहाल निपजलं." मनकर्णाबाई म्हणे, "काळ्या मातीचं हाय, तसंच असते." मोरोपंत पुढच्या पुड्या गाडीवाल्यांच्या हाती पाठवत राहिले. जुने विद्यार्थी पुन्हा गावोगाव गेले, या वेळी जेवणाचा हात विचारत. साहेबांचा खिडक्यांचा मसुदा पेटीत पडून राहिला. कागद परत आले तेव्हा साहेबांना दिसलं, की पानथऱ्या भरावाच्या खड्ड्यांभोवतीच्या गावांत दाट आहेत, मग घराला खिडकी असो वा नसो. त्यांनी खड्ड्यांतलं पाणी काढून देण्याची शिफारस केली. त्यातले थोडे खड्डे खरंच बुजले.

आणि नत्थुजीचा ताप गेला. आधी दिवस चुकला, मग येईनासाच झाला. खांदे भरले, गालावर मांस आलं. त्यानं स्वतः वेचणी केली. फक्त रोज सकाळी उठल्यावर तो पोट चाचपून बघे आणि गप्प होई. पानथरी बेंबीवरून चार बोटं वर गेली, मग बरगडीखाली दोन बोटं उरली, मग एका सकाळी श्वास घेऊन घेऊन छाती दुखली तरी ती हाताला लागेना.

"चोरी झाली," तो मनकर्णेला म्हणाला.

"होय. म्याच केली," ती म्हणाली आणि कारल्याची सगळी हकिकत सांगून टाकली. नत्थुजी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला तो एवढंच, की यापुढं या घरात कारलं शिजणार नाही.

अमरावतीहून बोलावणं आलं तेव्हा जावं की न जावं, या विचारात त्याची आठवडाभर घालमेल झाली. पण रिकाम्या हाती जायचं नाही असं ठरवून तो पातूरच्या बाजारात जाऊन बसला आणि पिवळा पडलेला, काटकुळा, डावीकडे फुगलेला माणूस दिसला की त्याला गाठू लागला. दोघा-तिघांनी शिव्या घातल्या. शेवटी पुंजाराम नावाचा एक शेतकरी भेटला. त्यानं बंडी वर केली. नत्थुजीनं हात ऊन करून लावला आणि त्याला थोडा मत्सरच वाटला.

तो पुंजारामला गाडीत घालून अमरावतीला आला. "हे घ्या," मोरोपंतांना म्हणाला. "माह्यावानी नाई, पन चालन. मातर पुड्या त्याच्या बायकोच्या हातात देजा." आणि तो परत वळला.

"तुम्ही कुठं निघालात? तुमचंही काम आहे."

"माह्यापासी आता काय आहे, पंत?"

"काही नाही. तेच हवं आहे. नाही ते हाताला कसं लागतं, हेही शिकायला लागतं."

नत्थुजीला हे अपमानासारखं वाटलं, पण तो राहिला. दोन मेजं शेजारी शेजारी मांडली. एकावर पुंजाराम, त्याच्याभोवती ही गर्दी, आणि दुसऱ्यावर नत्थुजी, भोवती कुणी नाही. सकाळच्या शेवटी एक घाबरट चेहऱ्याचा कारकून त्याच्याकडे आला. जेवायचा हात त्यानं विचारला, तळवे चोळले, सपाट हात खालून वर आणला, सगळं बिनचूक. मग मोरोपंतांकडे चोरून पाहत म्हणाला, "आहे. दोन बोटं."

नत्थुजी ताडकन उठून बसला. "खरंच?"

"होय. अगदी स्पष्ट."

"पुन्हा पाय बरं. नीट पाय." तो पुन्हा आडवा झाला आणि त्यानं छाती भरून श्वास घेतला. कारकुनानं पुन्हा हात ठेवला. नत्थुजीनं त्याच्या हाताशेजारी स्वतःचा हात सरकवला आणि श्वास रोखून धरला.  मग नत्थुजीनं श्वास सोडला.

"नाई बाप्पा," तो हळूच म्हणाला. "म्याबी रोज तेच पायतो. नाई ते नाई. तसंच लेह."

कारकुनानं ओशाळून मान खाली घातली आणि तसं लिहिलं. नत्थुजीनं त्याला थांबायला सांगितलं, पलीकडच्या मेजावरच्या पुंजारामला हाक मारली, "थोडा सरक बाप्पा, याले दाखवू दे," आणि कारकुनाचं मनगट धरून तो खाली उतरला.